टीटरांच्या बंदुकीचा बिघाड

व्हर्लिन टीटरने थोरल्या भावाची बंदूक दुरुस्त केली. हरणांच्या शिकारीच्या मोसमातल्या पहिल्या सोमवारी, डोंगराच्या उतारावर, अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी ती उडाली. चाप, टोचणी, स्प्रिंग, सगळं जागच्या जागी. कामात खोट काढायला जागा नव्हती.

तर हे झालंच नाही असं समजा. व्हर्लिनने तसं समजायचं ठरवलं आहे, त्याची बायको ओपल हिनेही हरकत घेतलेली नाही, मग आपण मध्ये पडणारे कोण. बंदूक उडालेली नाही. बंदूक बिघडलेली आहे. तिथून सुरू करू.

बंदूक त्यांच्या बाबांची. बोल्ट मागे ओढून एकेक काडतूस भरायची जुनी रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर बाबांच्या गालाने घासून घासून पडलेला चकचकीत डाग. बाबा गेल्यावर ती लॉयकडे आली, कारण लॉय थोरला होता आणि लॉयचा नेम चुकत नसे. व्हर्लिनकडे बाबांच्या कानशी, पेचकस आणि वस्तू घट्ट धरायचा शिकंजा आला, कारण व्हर्लिनचा नेम म्हणजे एक करमणूक होती.

ही करमणूक कँपच्या भिंतीवर मांडून ठेवलेली होती. कँप म्हणजे शिकाऱ्यांसाठी डोंगरात पत्र्याची एक खोली, सात बाजली आणि एक शेगडी. तिथला नियम जुना आहे: हरणावर गोळी झाडून ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल घालायचं आणि भिंतीला ठोकायचं. व्हर्लिनची टोकं इतकी झाली की भिंतीवर मावेनात, तेव्हा कुणाच्या तरी बायकोने ती जोडून खिडकीला पडदा शिवला. नोव्हेंबर आला की ओपल त्याच्यासाठी मुद्दाम स्वस्तातला शर्ट आणायची. "मागून लांब बघून घेतलाय," म्हणायची, "दोनदा कापला तरी पँटमध्ये खोचता येईल."

लॉयचं एकही टोक भिंतीवर नव्हतं. कात्री सांभाळणारा म्हातारा बर्क प्रॉप्स्ट याने त्याच्या नावाचा एक खिळा कधीचा ठोकून ठेवला होता, शेगडीच्या वर, अगदी मानाच्या जागी. खिळा आशेवर होता. लॉय आत आला की आधी त्या खिळ्यावर आपली टोपी अडकवायचा.

आणि अशा माणसाच्या हातात बंदूक खट् वाजली.

खट्, आणि पुढे काही नाही. हरीण समोर, सोमवारची सकाळ, बाबांची बंदूक, आणि खट्. असं झालं की नळी न हलवता थांबायचं, काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं, हे बाबांनी दोघांना लहानपणी कान पिळून शिकवलेलं. लॉय थांबला. हरीणही थोडं थांबलं, काही होत नाही बघून निघून गेलं. लॉय खाली आला आणि बंदूक व्हर्लिनच्या हातात देत म्हणाला, "बारक्या, तुझ्या बाबांच्या बंदुकीला काहीतरी झालंय."

"माझ्या बाबांच्या? आणि तुझे कोण होते?"

"चालत होती तोवर माझे होते."

बारक्या साठीचा होता. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले. पण त्या एका वाक्याने तो आतून उजळला. थोरल्याने त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि ते नेमकं त्याला येणारं होतं.

तळघरात त्याचा कारखाना होता. तिथे कधी काही विकलं गेलं नाही. शेजाऱ्यांच्या बंदुकांचे दस्ते तासायचे, गंज काढायचा, हट्टी स्क्रू गोडीगुलाबीने सैल करायचे, एवढंच. त्या हिवाळ्यापासून लॉय रोज दुपारी तिथे येऊन बसायला लागला. खाणीत आयुष्य काढलेला माणूस. फुप्फुसात इतका कोळसा की ओपल म्हणायची, याला अंगणात उभा केला तर थंडीभर पुरेल. नाकात नळी आणि मागे चाकांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. त्या सिलिंडरला लॉय मुकादम म्हणायचा, कारण तो सतत मागे लागलेला असे. मुकादमाला आग चालत नाही, म्हणून व्हर्लिनने जमिनीवर खडूने रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे शेगडी, शिकंजा आणि व्हर्लिन. पलीकडे थंडी आणि लॉय, अंगावर दोन घोंगड्या.

"काय सापडलं?"

"बोल्टमध्ये वंगण गोठलंय. बाबांच्या वेळचं असणार. खरवस झालाय त्याचा."

"मग हेच."

"हेच असेल असं वाटतंय."

वंगण निघालं. मागच्या उतारावर व्हर्लिनने बंदूक झाडून बघितली, दुकानातल्या काडतुसांनी. उडाली. पुन्हा उडाली. वर्ष गेलं, मोसम आला, लॉय डोंगरावर बसला, आणि खट्.

मग स्प्रिंग. स्प्रिंग दमली असणार, असं ठरलं. बंदुकीचं वय बघता ते सभ्यपणाचंही होतं. नवी स्प्रिंग घातली. घरी उडाली, डोंगरावर खट्. मग टोचणी. टोचणी म्हणजे काडतुसाच्या बुडावरच्या टोपीला जाऊन टोचते ती सुई. टोक जरासं झिजलं तरी काम संपलं. व्हर्लिनने पोलादाच्या कांडीतून ती स्वतः घासून काढली. पहिली मोडली. दुसरी जाड झाली. तिसरी घासताना हिवाळ्याचे बरेच दिवस गेले आणि त्या दिवसांत दोघे भाऊ इतके बोलले जितके मागच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नव्हते. बाबांबद्दल बोलले. बाबा कोणाला जास्त मारायचे यावर वाद झाला आणि दोघेही आपल्यालाच म्हणून हट्टाला पेटले. दुपारी ओपल वरून पेपरोनी भरलेले पाव पाठवायची. लॉय त्यातला पाव खायचा आणि पेपरोनी व्हर्लिनला द्यायचा. लहानपणी तो बरोबर उलटं करायचा.

तिसरी टोचणी घरी सुरेख चालली. त्या मोसमात डोंगरावर पुन्हा खट्.

इथे व्हर्लिनच्या डोक्यात काहीतरी सरकलं. बिघाड शोधायचा तर जिथे बिघडतं तिथली परिस्थिती उभी करायची, हे त्याने बसच्या इंजिनवर शिकलेलं. घरी चालते, डोंगरावर चालत नाही. फरक काय? थंडी. त्याने बंदूक फ्रीझरमध्ये घातली, गोठवलेला मका आणि मागच्या वर्षीचं हरणाचं मांस यांच्यामध्ये. ओपल झाकण उघडून बराच वेळ बघत राहिली.

"हिला कधी बाहेर काढायची, आणि बरोबर भाजी कुठली करू?"

गार बंदूक उडाली. मग ओल. न्हाणीघरात गरम पाणी सोडून ठेवलं. वाफेतली बंदूक उडाली. मग लॉयचा कोट अंगात घालून, लॉयच्या खुर्चीवर, लॉयसारखा डावा खांदा पाडून बसला आणि झाडली. उडाली. एकदा तर मुकादमही जोडीला घेतला, बंद करून, नळी नुसती नाकाशी. उडालीच. सोमवारीही उडाली. बंदुकीला काहीच झालेलं नव्हतं, आणि याच्यासारखी वाईट बातमी घरी बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरी नाही.

"न उडालेलं काडतूस दाखव ना मला," तो लॉयला दरवर्षी म्हणायचा. "टोपीवर टोचा कसा पडलाय ते बघितलं की कळेल."

"ओढ्यात टाकलं. तसलं काडतूस खिशात घेऊन फिरू?"

यात वावगं काही नव्हतं. शहाणा माणूस हेच करेल.

ओपलने एकदा भांडी घासता घासता विचारलं, "त्याची काडतुसं बघितलीस का?"

व्हर्लिनने पेचकस खाली ठेवला. लॉय काडतुसं स्वतः भरायचा, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दारू मोजून, गोळी बसवून, एकेक पुसून. इकडे माणसाला त्याच्या पगाराबद्दल विचारा, त्याच्या पोरांच्या भानगडींबद्दल विचारा, प्यालेला असेल तर बायकोबद्दलही विचारा. पण स्वतःच्या हाताने भरलेल्या काडतुसांबद्दल विचारत नाहीत. म्हणून तर व्हर्लिनने तपासणीसाठीही ती कधी मागितली नव्हती. चूल आपली पेटत नाही आणि लाकडं शेजाऱ्याने ओली दिली म्हणायचं, तसलं काहीतरी झालं असतं.

"लॉयच्या काडतुसांत खोट?" तो म्हणाला. "त्याच्या शर्टाचं टोक बघितलंस कधी भिंतीवर?"

ओपलने बघितलं नव्हतं. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

मग हे शेवटचं वर्ष आलं. डॉक्टरने लॉयला काय सांगितलं ते लॉयने असं सांगितलं: "पुढच्या मोसमाचा परवाना काढू नकोस म्हणालाय. पैसे वाचले." व्हर्लिनने त्यानंतर बंदूक अख्खी खोलली, शेवटच्या स्क्रूपर्यंत, आणि टेबलावर मांडून तिच्याकडे बघत बसला. त्याला एवढंच हवं होतं. हरीण पडायला नको होतं, कुणी शाबासकी द्यायला नको होती. बाबांची बंदूक एकदा, फक्त एकदा, लॉयच्या हातात उडायला हवी होती, आणि ती उडावी म्हणून ज्याने काम केलं तो आपण असायला हवं होतं.

पण सापडायला काही शिल्लकच नव्हतं. त्याने जी वस्तू बदलता येते ती बदलली होती, जी घासता येते ती घासली होती. सगळं पुसून परत जोडलं. दुसरं काय करणार.

सोमवारी बर्फ भुरभुरत होतं. उतारावरच्या बाकापर्यंत यायला लॉयला इतका वेळ लागला की पाठीमागून आलेले दोन म्हातारे त्यांना ओलांडून पुढे गेले. बंदुका व्हर्लिनच्या खांद्यावर, त्याची स्वतःची आणि बाबांची. दोन्ही एकाच मापाच्या; बाबांनी मुद्दाम तशा घेतल्या होत्या, पोरांनी काडतुसांवरून भांडू नये म्हणून. पोरं मग बाकी सगळ्यावरून भांडली.

बाकावर बसल्यावर लॉयने खिशातून काडतूस काढलं. बोटं वळत नव्हती. काडतूस निसटून बर्फात पडलं. दुसरं काढलं, तेही पडलं. तो वाकून हाताने बर्फ चाचपायला लागला, आणि तेव्हा व्हर्लिनच्या लक्षात आलं की काडतूस लॉयच्या बुटाशीच पडलं आहे, पितळ लखलखतंय, आणि लॉयचा हात भलतीकडेच फिरतोय. लॉयला ते दिसत नव्हतं.

व्हर्लिनने तोंड फिरवलं. थोरल्या भावाला असं बघायचं नसतं. मग "सापडलं, सापडलं," म्हणत त्याने आपल्याच खिशातलं दुकानातलं काडतूस काढलं, बंदुकीत घातलं, बोल्ट लावला आणि बंदूक लॉयच्या मांडीवर ठेवली. बर्फातली दोन्ही हळूच उचलून खिशात टाकली. दयेपोटी त्याने आयुष्यात जे काही केलं असेल त्यातलं हे सर्वांत वाईट.

हरीण आलं. मोठं, शिंगांचं, सावकाश. व्हर्लिनने लॉयच्या कोपराला स्पर्श केला आणि हरीण कुठे आहे ते खुणेने दाखवलं. लॉयने मुकादमाचा नळ बंद केला, बंदूक उचलली, बाबांच्या डागावर गाल टेकवला. किती निवांत होता तो. जणू काय होणार हे आधीच माहीत असलेला माणूस. चाप ओढला.

बंदूक उडाली.

दस्ता लॉयच्या खांद्यावर आदळला. त्याने खांदा घट्ट धरलेलाच नव्हता. तो बाकावरून मागे गेला आणि मुकादम त्याच्यावर पडला. गोळी हरणापासून पार लांब एका बर्चच्या झाडात शिरली. हरणाने मान वळवून दोघांकडे बघितलं, चुकीच्या खिडकीवर रांग लावलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसं, आणि झाडीत गेलं.

"उडाली," व्हर्लिन म्हणाला. त्याला रडू फुटत होतं. "लॉय, उडाली. टोचणीच होती. मी म्हणत होतो, टोचणीच होती."

लॉय बर्फात पडून वर बघत होता. मुकादमाचा नळ चालू करायचंही त्याला सुचलं नाही. "काय घातलंस आत?"

"काडतूस."

"कुणाचं?"

"माझं. तुझं पडलं होतं ना, म्हणून..." तो थांबला. लॉयच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने आधी कधी बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

"बारक्या," लॉय हळू म्हणाला, "तुला नको तिथे हात घालायची सवयच आहे."

खालून बर्क प्रॉप्स्ट चढून येत होता. गोळीचा आवाज एकच आणि नंतर आनंदाची आरोळी नाही, याचा अर्थ त्याला झोपेतही कळला असता. छातीच्या खिशातून कात्री डोकावत होती. वर आल्यावर दम खात त्याने विचारलं, "कोणाचा?"

"माझा," व्हर्लिन म्हणाला.

बर्कने त्याच्या बंदुकीची नळी हुंगली. मग बाबांच्या बंदुकीची हुंगली. मग बर्फात बसलेल्या लॉयकडे आणि त्याच्या पाठीला लागलेल्या बर्फाकडे बघितलं.

"वास तर हिचा येतोय."

"दुरुस्ती बघत होतो. झाडली आणि चुकलो. वळू का?"

व्हर्लिन वळला. मग कात्रीचा आवाज आला. "तुझ्या पडद्याला आता झालर लावता येईल," बर्क म्हणाला, पण त्यात नेहमीची मजा नव्हती. खाली कँपमध्ये आल्यावर लॉयने टोपी खिळ्यावर अडकवली नाही. हातातच धरून बसला.

घरी येऊन व्हर्लिनने बर्फातलं एक काडतूस शिकंज्यात धरलं आणि गोळी ओढून काढली. आत दारू नव्हती. आत मक्याचं पीठ होतं. बारीक चाळलेलं, ठासून भरलेलं, हलवलं तर आवाज येऊ नये आणि हातात वजन बरोबर लागावं म्हणून. बुडावरच्या टोपीतला पेटणारा मसाला खरवडून काढून ती पुन्हा अशी बसवलेली की भिंगाखालीही ओरखडा दिसेना. दुसरंही तसंच. व्हर्लिनने आयुष्यात इतकं नेटकं काम बघितलं नव्हतं. त्याच्या तीन टोचण्या याच्यापुढे शेंबड्या होत्या.

बंदूक उडाली नाही तर कात्री लागत नाही, हाही कँपचा नियमच. ज्याला हरीण दिसत नाही, पण खिळा दिसतो, त्याने आणखी काय करायचं? लॉय दर वर्षी मोसमाआधी टेबलावर बसून, अधू झालेल्या डोळ्यांनी, बोटांनी चाचपून, भावासाठी एक बिघाड घडवत होता. आणि भाऊ तो बंदुकीत शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्लिनने शेगडी पेटवली, खडूची रेघ पुन्हा ठळक केली आणि रेघेपलीकडच्या खुर्चीवर घोंगड्या ठेवल्या. लॉय आला नाही. त्यानंतरही आला नाही. का येईल? बंदूक चालत होती.

मग व्हर्लिनने ती बिघडवायला घेतली. नवी स्प्रिंग काढून जुनी दमलेली घातली. टोचणीचं टोक बोथट केलं. बोल्टमध्ये वंगण भरून ते थंडीत गोठवलं. मागच्या उतारावर जाऊन झाडली. उडाली. याआधी इतकी हौसेने ती कधी उडाली नव्हती. शेवटी तो तसाच लॉयच्या घरी गेला, पलंगाशी बसला आणि म्हणाला, "लॉय, परत खट् झाली बघ. काय झालंय कळत नाही."

लॉयने डोळे उघडले नाहीत. "कुणाच्या काडतुसाने?"

व्हर्लिनच्या खिशात मक्याच्या पिठाचं दुसरं काडतूस होतं, परत जोडून, पुसून ठेवलेलं. ते बाहेर काढून दाखवावं की नाही हे ठरवता ठरवता मुकादमाची सूंसूं तेवढी ऐकू येत राहिली. लॉयला झोप लागली आहे असं समजून तो उठला. दाराशी असताना मागून आवाज आला, "काम चांगलं केलंस, बारक्या." हे तो टोचणीबद्दल बोलला की कात्रीबद्दल, की नुसतंच टोचून बोलला, हे व्हर्लिनने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पाण्याच्या नळ्या गोठतात त्या दिवसांत लॉय गेला.

दफनानंतर बर्क कँपवर गेला आणि शेगडीवरचा खिळा त्याने पक्कडीने उपटून काढला. एक टीटर न चुकता गेला, असं सगळ्यांना सांगितलं. व्हर्लिन पडद्यापाशी उभा होता. पडद्याचं नवीन टोक बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरं होतं.

बाबांची बंदूक आता तळघरात आहे. ती दर वेळी उडते. व्हर्लिनने सगळे उपाय करून बघितले. आता राहिला तो एकच. त्याने शाळेच्या बसच्या वेळी शिकलेली सरकारी भाषा आठवून, राज्याच्या शिकार खात्याच्या नावे पुढील अर्ज लिहिला, आणि ओपलने तो मोठ्याने वाचून न हसता परत दिला:

विषय: मोसमाच्या पहिल्या सोमवारी उडालेली गोळी उडालेली नाही असे धरण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बंदूक अर्जदाराने चुकून दुरुस्त केली आहे. सदर गोळीने कोणत्याही हरणास इजा झालेली नसून, बर्चच्या झाडाची तक्रार नाही. सोबत चिमूटभर मक्याचे पीठ जोडले आहे. तरी सदर बंदुकीतील मूळ बिघाड पूर्ववत मंजूर करून, तो शोधण्यासाठी अर्जदारास एक हिवाळा व एक भाऊ उपलब्ध करून देण्यात यावा, ही विनंती.